स्प्रिंगचा की हवेचा

माझ्या दुकानात धान मोजायचा एक जुना काटा आहे. नव्या माणसाला वाटतं, मिस्त्री सायकलींबरोबर धानाचाही धंदा करतो. तसं काही नाही. त्या काट्यावर मी माणसं उभी करतो, कारण वजन विचारलं की चांगला शिकलेला माणूसही खोटं बोलतो.

सायकल दुरुस्तीत माणसाच्या वजनाचं काय काम, असं कोणालाही वाटेल. पंक्चर काढायला आणि चेन बसवायला ते खरंच लागत नाही. पण दगडधोंड्यांतून, उतारावरून चालवायला बनवलेल्या काही सायकलींना मोटरसायकलसारखा मागेही शॉकअप असतो. त्याचं काम चालवणाऱ्याच्या वजनावर चालतं. असल्या सायकली गडचिरोलीच्या जंगलातल्या आमच्या अहेरीत कुठून आल्या, असं बाहेरचे विचारतात. बदलीवर येणारे साहेब लोक आणतात, कॅम्पातले जवान आणतात, डॉक्टर आणतात. चंद्रपूरची काही पोरं कोळसा खाणींच्या मातीच्या ढिगाऱ्यांवर त्या उडवतात आणि मोडल्या की बसवर टाकून माझ्याकडे पाठवतात. मी पुण्यात चौदा वर्षं असल्याच सायकलींच्या वर्कशॉपमध्ये होतो. आई अंथरुणाला खिळली म्हणून परत आलो आणि इथलाच झालो. इकडे हे काम करणारा दुसरा कोणी नाही, याचा मला गर्व होता. होता, असं मुद्दाम लिहितो आहे.

मागचा शॉकअप दोन जातींचा असतो. एकात जाड स्प्रिंग असते, दुसऱ्यात कोंडलेली हवा. गिऱ्हाईक नेहमी विचारतं, कोणता चांगला? मी नेहमी उलट विचारतो, कोणासाठी? स्प्रिंगचा जड असतो, पण बारीकसारीक खड्डेही गिळतो, थंडीत-उन्हात सारखाच वागतो आणि महिनोनमहिने त्याच्याकडे पाहिलं नाही तरी रुसत नाही. त्याची खोड एकच. स्प्रिंग एका वजनाची असते. सत्तर किलोच्या माणसाच्या स्प्रिंगवर नव्वदचा बसला की ती तळाला आपटते आणि पन्नासचा बसला तर हलत नाही. हवेचा हलका असतो आणि छोट्या पंपानं हवा कमी-जास्त करून हव्या त्या वजनाला जुळवता येतो. पण तो सगळा रबराच्या बारीक सीलच्या भरवशावर उभा असतो. सील गेलं की हवा गेली, आणि हवा गेली की तो नुसता लोखंडी दांडा.

एका साहेबांनी वजन अठ्ठ्याहत्तर सांगितलं होतं. मी त्या मापाची स्प्रिंग मागवून बसवली. पंधरा दिवसांत साहेब तणतणत आले, की तू मला कसली रद्दी घातली. काट्यावर उभं केलं तर पंच्याण्णव. बाईसाहेब सोबत होत्या, त्या हसल्या आणि साहेबांनी माझ्याशी बोलणंच टाकलं. चंद्रपूरच्या पोरांची तऱ्हा वेगळी. मे महिन्यात पहाटे गारव्यात हवा मोजून भरायची आणि दुपारी अंगाची लाही होत असताना फोन करायचा, की भाऊ, शॉकअप दगड झाला. हवा तापली की फुगते, हे त्यांना मी किती वेळा सांगितलं असेल. शेवटी त्यांना शिव्याच घातल्या. माझं तोंड मुळातच वाईट. लोक म्हणायचे, मिस्त्री चिडतो पण हात सोन्याचा आहे. हे ऐकून मला बरं वाटायचं, म्हणून मी आणखी चिडायचो.

रैनू माझ्याकडे आला तेव्हा आधी बराच वेळ दुकानाबाहेर उभा होता. एटापल्लीच्या पुढे, पक्की सडक सोडून जंगलात आत त्याचं गाव. माडिया आदिवासी माणूस, तिशी ओलांडलेला, बोलायला हळू. एका संस्थेसाठी तो तापाच्या रोग्यांचं काम करायचा. नाल्यापलीकडच्या सात टोल्यांवर, म्हणजे पाड्यांवर, फिरायचं, ज्याला ताप असेल त्याचं बोट टोचून काचेच्या पट्टीवर रक्ताचा थेंब घ्यायचा, पट्ट्या तपासायला पोचवायच्या आणि हिवताप निघाला तर गोळ्या घेऊन परत जायचं. त्या वाटेवर मोटरसायकल चालत नाही. मध्ये धानाचे बांध आहेत, मुळ्यांनी भरलेली उतरण आहे आणि नाल्याला पाणी असलं की सायकल खांद्यावर घ्यावी लागते. सायकल हीच त्याची नोकरी होती.

आणि त्याची पाठ गेलेली होती. दोन वर्षांपूर्वी तेंदूपत्त्याच्या हंगामात पोत्यांनी भरलेल्या ट्रॅक्टरवरून तो पडला होता. कमरेच्या मणक्याला मार बसला. डॉक्टरांनी सांगितलं होतं की चालणं-फिरणं चालेल, हादरे चालणार नाहीत. साध्या सायकलवर टोले फिरायचे म्हणजे हादरेच खायचे. संस्थेतले एक डॉक्टर बदलून गेले तेव्हा आपली दोन्हीकडे शॉकअपवाली सायकल त्यांनी रैनूला देऊन टाकली. मागचा शॉकअप तेवढा मेलेला होता. तो बसला तर रैनूची पाठ वाचणार होती आणि पाठ वाचली तर काम टिकणार होतं. हे सगळं त्यानं मला पहिल्याच दिवशी सांगितलं.

मी त्याला काट्यावर उभं केलं. बासष्ट किलो. त्यानं आपलं वजन बरोबर बासष्टच सांगितलं होतं. असं सांगणारा माझ्या दुकानातला तो पहिला माणूस.

माझ्याकडे त्या सायकलला बसणारे दोन शॉकअप होते. एक स्प्रिंगचा, त्याला बासष्टच्या मापाची स्प्रिंग तेवढी पुण्याहून मागवावी लागली असती. दुसरा हवेचा, जवळजवळ नवा. रैनूनं दोन्ही हातात घेऊन पाहिले आणि स्प्रिंगचा पुढे केला.

"मले हाच द्या, भाऊ," तो म्हणाला. "याचं काही मोडलं तर डोळ्यानं दिसते. हवा गेली तर मले कसं समजन?"

मी हसलो. त्याला समजावलं, की तू कधी एकटा जातोस, कधी औषधांची पेटी बांधून जातोस, कधी बायकोला मागे घेऊन बाजार करतोस. वजन बदलतं, तेव्हा हवेचाच बरा. सांगणं चुकीचं नव्हतं. पण त्यात माझी हौसही होती. इतका नाजूक माल एटापल्लीच्या जंगलात चालवून दाखवायचा होता मला. हवा भरायचा छोटा पंप त्याला दिला आणि पंपाच्या काट्यावर दोन खुणा केल्या. लाल खूण एकट्यासाठी, निळी पेटीसाठी. शॉकअपच्या आतबाहेर सरकणाऱ्या दांड्यावर एक रबराची कडी असते, ती दबून किती सरकली ते पाहायचं, टोकाला गेली म्हणजे हवा कमी आहे, असं समजावलं. त्यानं दोनदा करून दाखवलं. जाताना सायकलवर बसून सडकेवर एक फेरी मारली आणि परत येऊन म्हणाला की पाठीला काहीच लागत नाही. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मला तेव्हा आपण फार मोठं काम केलं असं वाटलं.

चार-पाच महिने सगळं ठीक चाललं. टोल्यांवर जाणं-येणं पूर्वीच्या अर्ध्या वेळात होतं, असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याकडून कळवायचा. मग उन्हाळ्याच्या सुरुवातीला, बाजाराच्या दिवशी, तो सायकल घेऊन आला. हवा धरत नव्हती. दुकानात सात-आठ गिऱ्हाइकं होती. मी शॉकअप पाहिला आणि माझं डोकं फिरलं. सगळा दांडा तेलानं बरबटलेला होता आणि त्या तेलावर लाल धूळ घट्ट बसली होती. आमच्याकडे आता लोहखनिजाच्या ट्रकांनी सगळ्या सडका लाल झाल्या आहेत. ती धूळ साधी नसते. त्या चिकट लेपानं सीलची पार वाट लावली होती.

तेल टोळीचं होतं, म्हणजे मोहाच्या बियांचं. जंगलातल्या गावात ते डोक्याला लावतात, कुठे भाजीत घालतात, बैलबंडीच्या चाकालाही लावतात. थंडीत ते तुपासारखं थिजतं. रैनू रोज सकाळी दांडा पुसून त्याला हे तेल चोळत होता. त्याचं म्हणणं एवढंच होतं की दुखऱ्या पाठीला बायको हेच तेल चोळते, त्यानं आराम पडतो, म्हणून त्यानं सायकलच्या पाठीलाही चोळलं.

मी सगळ्यांसमोर म्हणालो, "भजे तळून राह्यला काय याच्यात? याले तेल लावाचं नाई हे लहान लेकराले समजते." लोक हसले. हसणारे आहेत म्हटल्यावर मला आणखी चेव आला. तुम्हा लोकांच्या हातात चांगली वस्तू देऊच नये, असंही बोललो. 'तुम्हा लोकांच्या' या शब्दांचा अर्थ त्याला कळला, तिथे असलेल्या सगळ्यांना कळला. रैनूही खाली पाहत थोडंसं हसला.

मी शॉकअप उघडला, धुतला, नवं सील काढलं. दांडा पुसताना नख फिरवलं. पुण्याच्या उस्तादानं शिकवलेली गोष्ट. दांड्यावर ओरखडा असेल तर डोळ्याला दिसत नाही, नखाला कळतो. नख अडलं तर तो दांडा टाकून द्यायचा, कारण तो ओरखडा नव्या सीलला आतून कापत राहतो. माझं नख अडलं. केसाएवढं, पण अडलं. दुसरा दांडा नव्हता. भिंतीवर स्प्रिंगचा शॉकअप टांगलेला होता. स्प्रिंग मागवायला आठ दिवस लागले असते आणि रैनूला सांगावं लागलं असतं की तू म्हणत होतास तेच बरोबर होतं. इतकं सगळं भाषण ठोकल्यावर ते माझ्या तोंडातून निघालं नसतं. मी बारीक पॉलिश पेपरनं दांडा घासला, सील बसवलं, हवा भरली आणि चालून जाईल म्हटलं. त्याच्या हातात सायकल देताना वर धमकी दिली की पुन्हा तेल लावून आणलीस तर मी हात लावणार नाही.

पुढे कित्येक दिवस मी ही तेलाची गोष्ट गिऱ्हाइकांना रंगवून सांगत असे. लोक पोट धरून हसत.

पावसाळा आला. एटापल्लीकडची वाट दर दोन दिवसांनी बंद पडायची. रैनू आला नाही, म्हणजे सायकल चांगली चालते आहे, असं मी धरलं. तेलाचा धडा घेतला बेट्यानं, असंही मनात आलं.

दसरा होऊन गेल्यावर एका बाजाराच्या दिवशी त्याची बायको जैनी आली. तिच्यासोबत गावचा एक माणूस सायकल ढकलत होता. जैनीनं कपड्यात गुंडाळलेला पंप माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाली की त्यानं हे परत द्यायला सांगितलं आहे, आता लागत नाही. मला वाटलं त्याला मोटरसायकल मिळाली. मी तसं विचारलंही. ती नाही म्हणाली.

मी सायकलकडे पाहिलं. शॉकअपच्या दांड्यावर जुन्या ट्यूबच्या पट्ट्या करकचून गुंडाळलेल्या होत्या, एकावर एक, मुठीएवढ्या. हवा गेल्यावर लोखंडावर लोखंड आपटू नये म्हणून. रबर चेपून फाटलं होतं. म्हणजे हे काल-परवाचं नव्हतं.

जैनीला मराठी थोडी येते. तिनं सांगितलं ते तुटक तुटक सांगितलं, मी इथे जोडून लिहितो. आखाडातच हवा राहिनाशी झाली. सकाळी भरली की दुपारपर्यंत संपायची. नाल्यापलीकडे तापाची साथ होती, रोज कोणी ना कोणी फणफणलेलं. रैनूनं जाणं थांबवलं नाही. ट्यूब गुंडाळून तो सायकल चालवत राहिला. परत आला की ओट्यावर पालथा पडायचा, ती पाठीला तेल चोळायची, सकाळी पुन्हा जायचा. पोळा आला तोवर डाव्या पायाला मुंग्या यायला लागल्या. मग एक दिवस पाय उचललाच नाही. गडचिरोलीला नेलं, तिथून नागपूरला. मणक्यात दबलेली नस वेळेवर मोकळी झाली असती तर बरं होतं, असं तिथले डॉक्टर म्हणाले. आता तो काठीनं अंगणात फिरतो. डावा पाय फरफटतो. संस्थेनं दुसरा माणूस ठेवला आहे, तो मोटरसायकलनं सडकेवरची गावं करतो. नाल्यापलीकडचे टोले त्यानं अजून पाहिलेले नाहीत.

मी चिडलोच. सवयच ती. म्हणालो, मग माझ्याकडे काऊन नाही आणली?

"आणला होता," जैनी म्हणाली. "बसवर टाकून आणला होता. तुमी कोनाले तरी लय बोलून राह्यले होते. तो तिथी चाय पिला आन वापस आला."

तिनं सडकेपलीकडच्या चहाच्या टपरीकडे बोट केलं. माझ्या दुकानापासून वीस पावलं असेल. तिथून दुकानातलं सगळं दिसतं आणि सगळं ऐकू येतं. त्या दिवशी मी कोणावर ओरडत होतो ते मला काही केल्या आठवत नाही. कोणावर ओरडलो नाही असा एकही दिवस जात नसे.

ती गेल्यावर मी ट्यूबच्या पट्ट्या कापल्या. खाली दांडा कोरडा होता. तेलाचा थेंब नव्हता, धुळीचा कण नव्हता. रबराची कडी टोकाला जाऊन अडकलेली होती, मी शिकवलं होतं तशी खूण सांगत. मी शॉकअप सोडवला आणि सील बाहेर काढलं. सीलला एका जागी सरळ चीर होती. दांड्यावर बरोबर त्याच जागी नख फिरवलं. अडलं. उन्हाळ्यात अडलं होतं त्याच जागी.

त्या दिवशी मी दुकान लवकर बंद केलं. बायकोनं विचारलं, बरं वाटत नाही का, तर हो म्हणालो.

बासष्ट किलोची स्प्रिंग मी दुसऱ्या दिवशी मागवली. का मागवली, हे मला धड सांगता येणार नाही. मोकळ्या हातानं त्याच्या दारात उभं राहायची हिंमत नव्हती, एवढंच खरं. स्प्रिंगचा शॉकअप बसवून सायकल बसच्या टपावर चढवली, एटापल्लीला उतरलो आणि पुढे ढकलत गेलो. त्याच्या गावाला जायची ती वाट मी पहिल्यांदाच पाहत होतो. सायकल हातात धरून चालतानाही मुळ्यांवर माझी कंबर धरली. तो यावरून महिनोनमहिने जात-येत होता.

रैनू अंगणात बसून बांबूच्या कामट्या काढत होता. मला पाहून उठायला लागला, मी नको म्हणालो तरी काठी टेकून उठला. हातपाय धुवायला पाणी दिलं. मी सायकल पुढे केली आणि सांगितलं की तुला हवा होता तो स्प्रिंगचाच बसवला आहे. त्यानं स्प्रिंगवरून हात फिरवला. मग बसून पाहू का, असं विचारलं. मी हँडल धरलं, जैनीनं मागून धरलं आणि आम्ही त्याला सीटवर बसवलं. स्प्रिंग जेमतेम दबली. मी बासष्ट किलोची आणली होती. तो पन्नासही राहिला नव्हता.

त्याला उतरवून ओट्यावर बसवलं. बोलायचं मी वाटेत ठरवून आलो होतो, पण आधी तोच बोलला.

"भाऊ, मी तेल नाई लावलो."

मी म्हणालो, मला माहीत आहे. मग त्याला सगळं सांगितलं. नख अडल्याचं, दुसरा दांडा नसल्याचं, पॉलिश पेपरचं. भिंतीवर हाच शॉकअप टांगलेला असताना मी का काढून दिला नाही, तेही सांगितलं. चूक तुझी नव्हती, माझी होती, असं म्हटलं. हे वाक्य मी आयुष्यात दुकानात कोणाला म्हटलेलं नाही. जैनी दारात उभी राहून ऐकत होती. रैनूनं तिला माडियात दोन-चार शब्दांत ते सांगितलं आणि पुन्हा माझ्याकडे वळला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. त्याला एक गोष्ट नीट समजून घ्यायची होती.

"मंग त्या दिवशी मी दुकानात आलो असतो, तं तुमी रागावले नसते?"

नसतो रागावलो, असं सांगायला जीभ उचलली होती. ते ऐकून रैनूला काय वाटलं असतं, हे वेळेवर ध्यानात आलं. वीस पावलांसाठी पाय गमावला असं वाटलं असतं. आणि ते खोटंही होतं.

"रागावलो असतो," मी म्हणालो. "आधी रागावलो असतो, मंग उघडून पाह्यलं असतं."

त्यानं मान हलवली. मलाही तसंच वाटलं होतं, असं म्हणाला. मग जैनीला हाक मारून सांगितलं की भाऊंना बस गाठायची आहे, जेवण लवकर वाढ.